सुटलेल्या म्हशीची शोधमीमांसा

पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात गावठाणापासून दूर, आपापल्या शेतात घर बांधून राहण्याची पद्धत आहे आणि अशा एक-दोन घरांच्या वसाहतीला वस्ती म्हणतात. वस्तीवरील पशुधन बहुधा एक दुभती म्हैस, तिचे रेडकू, दोन शेळ्या आणि ज्याची मालकी कोणीच मान्य करत नाही असे एक कुत्रे एवढेच असते. या पशुधनापैकी म्हैस दाव्यातून सुटून दृष्टीआड होणे आणि त्यानंतर वस्तीवरील यच्चयावत माणसे घराबाहेर पडणे, या दुहेरी घटनेला व्यवहारात ‘म्हैस हुडकणे’ असे नाव आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १०.९८ कोटी म्हशी मोजल्या गेल्या. मोजणीच्या वेळी त्यांपैकी किती खुंट्याला होत्या आणि किती शेजाऱ्याच्या मक्यात होत्या, असा रकाना मात्र अशा तक्त्यांत नसतो. पशुसंवर्धनाच्या पाठ्यपुस्तकांतही आहार, प्रजनन, लसीकरण आणि गोठ्याची रचना यांवर सविस्तर प्रकरणे असतात, परंतु म्हैस हुडकण्यावर प्रकरण नसते, आणि या उणिवेमुळे प्रत्येक कुटुंबाला हे शास्त्र दर खेपेस पहिल्यापासून रचावे लागते.

म्हैस सुटण्याची कारणे काही दोरीची असतात आणि काही म्हशीची. पूर्वी दावे घायपाताच्या किंवा अंबाडीच्या वाखाचे असे. ते खरखरीत असल्याने त्याची गाठ पक्की बसत असे, मात्र ते कुजतही लवकर, म्हणून बेंदराच्या सणाला नवे दावे घेण्याची रीत होती. आताचे दावे नायलॉनचे असते, ते वर्षानुवर्षे कुजत नाही, पण अंगच्या गुळगुळीतपणामुळे त्याची गाठ हळूहळू सरकते, म्हणजे दावे टिकते आणि म्हैस जाते. खुंटा बाभळीचा व भक्कम असला तरी पावसाळ्यात गोठ्याची जमीन मऊ झाली की तो म्हशीबरोबरच निघतो. हा प्रकार शोधाच्या दृष्टीने सोयीचा, कारण ओढत गेलेल्या खुंट्याची रेघ चिखलात स्पष्ट उमटते, आणि कुटुंबाच्या दृष्टीने गैरसोयीचा, कारण अशा वेळी गाठ मारणाऱ्यावर दोष ठेवता येत नाही. म्हशीच्या बाजूने पाहिल्यास तहान, उन्हाचा तडाखा आणि माज ही कारणे प्रमुख ठरतात. म्हैस साधारणपणे २१ दिवसांनी माजावर येते, परंतु गाईप्रमाणे हंबरून त्याची जाहीर वाच्यता करत नाही. लक्षणे बाहेर न दिसणाऱ्या या अवस्थेला ‘मुका माज’ म्हणतात. मुक्या माजाचा एक उपयोग असा की म्हैस कोणत्याही कारणाने सुटली तरी घरातील कर्त्या पुरुषाला ‘माजावर आली असंल’ असे म्हणता येते, आणि लक्षणे दिसली नव्हती हाच त्याचा पुरावा ठरतो.

म्हशीच्या गळ्यात घंटा बांधण्याचा उपाय फार जुना आहे आणि तो बहुतेक वस्त्यांवर एकेकाळी अमलात असतो. पुढे मुलाची दहावी येते, रात्री रवंथ करताना वाजणाऱ्या घंटेने त्याचे अभ्यासावरून लक्ष उडते असे ठरते, घंटा काढून खुंटीला टांगली जाते, मुलगा गुणपत्रिका घेऊन पुण्याला जातो, आणि घंटा खुंटीलाच राहते. म्हैस सुटल्यावर ही घंटा कोणीतरी हातात घेऊन शेतभर वाजवत फिरतो. या वादनाचा म्हशीवर परिणाम झाल्याचे कोठे आढळत नाही. शेजारच्या वस्तीवरील माणसांना मात्र म्हैस आपल्याच उसात शिरली असे वाटून ती काठ्या घेऊन घंटेच्या दिशेने धावतात.

प्रत्यक्ष शोधाला आरंभ होण्यापूर्वी एक शांततेचा टप्पा असतो. रिकामा खुंटा प्रथम घरातील सर्वांत लहान व्यक्तीला दिसतो, ती मोठ्यांना सांगते आणि मोठे बसल्या जागेवरून उत्तर देतात.

‘आबा, म्हस न्हाई गोठ्यात.’

‘असंल हितंच कुठंतरी. जातीया कुठं!’

‘हितंच कुठंतरी’ या प्रदेशाची व्याप्ती कोणत्याही महसुली दप्तरात नोंदलेली नाही. तो गोठ्यामागच्या उकिरड्यापासून सुरू होतो आणि बोलणाऱ्याचा चहा संपेपर्यंत वाढत जातो. चहा संपल्यावर कर्ता पुरुष उठतो, खुंट्यापाशी जातो, दाव्याचे उरलेले टोक हातात घेऊन ते बराच वेळ न्याहाळतो, आणि येथून शोधाला खरा प्रारंभ होतो. हा शोध म्हशीचा नसून शेवटच्या गाठीचा असतो.

शेवटची गाठ कोणी मारली, या प्रश्नाची चौकशी उपलब्ध उजेडाचा बहुतांश भाग व्यापते. गाठी मुख्यतः दोन: ओढताच सुटणारी ती सुरगाठ आणि ओढल्याने आवळत जाणारी ती निरगाठ. म्हैस निरगाठीने बांधावी हे सर्वांना ठाऊक असते आणि ती सुरगाठीनेच बांधली जाते, कारण पुन्हा सोडणाऱ्याला नखे मोडून घ्यायची नसतात. चौकशीत मालक सांगतो की दुपारी पाणी पाजल्यावर म्हैस त्याने बांधली खरी, परंतु त्यानंतर शेण काढायला मालकीण गोठ्यात गेली होती. मालकीण सांगते की शेण काढायला म्हैस सोडावी लागत नाही, आणि ही गोष्ट ज्याने कधी शेण काढले असेल त्याला समजली असती. मालकाची आई सांगते की तिच्या काळात म्हैस सुटत नसे, कारण बायका गोठ्यातच असत. येथून चौकशीची कक्षा रुंदावून वीस वर्षांपूर्वीच्या एका लग्नातील मानपानापर्यंत जाते. एवढ्या वेळात म्हशीने किती अंतर कापले असेल याचा हिशेब कोणी मांडू लागल्यास त्याला ‘तू गप रं’ असे सांगितले जाते. या विषयाच्या अभ्यासकानेही अशा प्रसंगी टिपणवही घेऊन अंगणात उभे राहू नये. त्याला प्रथम साक्षीदार केले जाते, नंतर पंच केले जाते, आणि निकाल कोणालाच न पटल्यावर त्याच्या हातात बॅटरी देऊन त्याला ओढ्याकडे पाठवले जाते.

ओढ्याकडे पाठवण्यामागे शास्त्रीय आधार आहे, हे मान्य करावे लागेल. म्हशीच्या कातडीत घर्मग्रंथी गाईच्या मानाने कमी असतात आणि काळा रंग ऊन शोषून घेतो, त्यामुळे अंग थंड ठेवण्यासाठी तिला पाण्यात किंवा चिखलात डुंबावे लागते. ओढ्याच्या डोहात शोधकर्त्याला बहुधा एक म्हैस सापडतेही. ती नाकपुड्या आणि शिंगे तेवढी वर ठेवून बसलेली असते, हाका मारल्या तर कान हलवत नाही, ढेकूळ मारले तर डोळे मिटते. शोधकर्ता विजार गुडघ्यापर्यंत वर करून, नंतर ती वर करण्याचा नाद सोडून छातीभर पाण्यात उतरतो, तिच्या म्होरकीला हात घालतो, आणि त्याच वेळी काठावरून कोणीतरी विचारते, ‘आमच्या म्हशीला कशापायी उठवताय, तात्या?’

ओळखीचा प्रश्न येथे उपस्थित होतो आणि तो वाटतो त्याहून बिकट आहे. हरवलेल्या वस्तूचे वर्णन देताना मनुष्य तिचा रंग प्रथम सांगतो, आणि म्हशीच्या बाबतीत हा तपशील जवळजवळ निरुपयोगी असतो. रस्त्याने जाणाऱ्यास मालक विचारतो, ‘एक काळी म्हस बघितली का?’ आणि तो प्रामाणिकपणे सांगतो, ‘लई बघितल्या.’ म्हणून जाणकार शिंगांवर येतात. पंढरपुरी म्हशीची शिंगे लांब, तलवारीच्या पात्याच्या घाटाची आणि मागे खांद्यापर्यंत गेलेली असतात, मुऱ्हा म्हशीची जिलबीसारखी आखूड वेटोळी असतात, आणि वस्तीवरील म्हशीची बहुधा या दोहोंच्या मधे कोठेतरी, एक इकडे आणि एक तिकडे अशी असतात, कारण तिच्या वंशावळीबद्दल विकणाऱ्याने जे सांगितले ते घेणाऱ्याने त्या वेळी तपासलेले नसते. लसीकरणाच्या वेळी जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारण्याची योजना आता सर्वत्र लागू आहे, त्यामुळे ओळख निर्विवाद पटते. क्रमांक वाचण्यासाठी म्हशीच्या कानाजवळ जावे लागते, कानाजवळ जाण्यासाठी म्हैस सापडावी लागते, एवढीच या योजनेची मर्यादा आहे. शिवाय तो क्रमांक ज्या कार्डावर लिहिलेला असतो ते कार्ड कपाटात असते, आणि कपाटाची किल्ली जिच्या कमरेला असते ती मालकीण शेवटच्या गाठीच्या प्रकरणामुळे त्या दिवशी बोलत नसते.

वास्तविक पाहता म्हैस कोठे गेली हे कळण्याचा सर्वांत खात्रीचा पुरावा गोठ्याच्या दारातच पडलेला असतो. म्हशीचा खूर रुंद, वजन चार-पाचशे किलो, आणि रानात पाणी दिलेले असेल तर ठसा इतका खोल उमटतो की तो चष्म्यावाचूनही दिसावा. असे ठसे गोठ्यापासून निघतात, कोथिंबिरीच्या वाफ्यातून सरळ रेषेत जातात आणि भावकीच्या बांधावर पोहोचतात. भावकी म्हणजे एकाच आजोबांची जमीन वाटून घेतलेली चुलतभावंडे, आणि बांध म्हणजे त्या वाटणीची मातीची खूण. दर नांगरटीला दोन्ही बाजूंनी फाळाची कड बांधाला किंचित लागत जाते, याला बांध कोरणे म्हणतात; ते नेहमी पलीकडचा करतो. चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो आणि कोरलेल्या बांधाचे क्षेत्र अर्ध्या गुंठ्याच्या पलीकडे क्वचितच जाते, तरी त्यावर दोन पिढ्यांचा अबोला सहज उभा राहतो.

ठसे या बांधावर आले की शोधपथक थांबते. म्हैस येथून पलीकडे गेली, हे उघड असते. तथापि ते मान्य केल्यास बांध येथे आहे, हेही मान्य केल्यासारखे होते, आणि मालकाच्या मते बांध येथे नाही. तो मूळचा आणखी दोन हात पलीकडे होता आणि सरकारी मोजणी झाली की ते दिसेलच. मग पथकातील एकजण बांध पावलांनी मोजतो, दुसरा जुन्या बाभळीच्या खोडाची जागा दाखवतो, तिसरा सांगतो की त्याच्या आजोबांनी हा दगड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि चर्चेअंती सर्वानुमते असा निष्कर्ष निघतो की हे ठसे जुने आहेत. ठशांत अजून पाणी झिरपत असल्याकडे लक्ष वेधणाऱ्या मुलाला घरी पाठवले जाते. त्यानंतर पथक पूर्व, पश्चिम आणि दक्षिण या तीन दिशांना विभागून जोमाने निघते; भावकीचे घर उत्तरेला असते.

अर्थात एवढ्यावर मालक गप्प बसत नाही. अबोल्यात चौकशी करण्याची एक रूढ पद्धत आहे आणि तिच्यात दोन्ही पक्षांचा मान राखला जातो. विचारणारा आपल्या हद्दीत उभा राहून कडुनिंबाकडे तोंड करतो आणि मोठ्याने म्हणतो, ‘एकादं जनावर इकडनं गेलं असलं तर कुणी सांगंल म्हणायचं, पर आता मानुसकी कुठं ऱ्हायली!’ पलीकडे दारे धरत असलेला, म्हणजे पाटाचे पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवत असलेला चुलतभाऊ मान वर न करता आपल्या बैलाला सांगतो, ‘सर्जा, जनावर ज्याचं त्यानं बांधावं का न्हाई रं?’ या संवादातून म्हैस आली आहे की नाही हे निश्चित होत नाही, मात्र दोघांनाही आपली बाजू मांडल्याचे समाधान मिळते, आणि मधल्या मधे सरीचे पाणी फुटून दोघांच्याही रानात जाते.

काळोख पडल्यावर शोध उसात शिरतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो आणि दोन पुरुष उंचीच्या वर जातो. त्यात म्हैसच काय, अख्खी वरात हरवू शकते. पात्यांच्या कडा अंग कापतात, पानांच्या देठावरची कुसळे कपड्यांत घुसतात, आणि दोन सऱ्यांच्या पलीकडचे काही दिसत नाही, म्हणून सर्व मदार आवाजावर असते. पूर्वेच्या टोकाने शिरलेल्या तुकडीला मध्यभागी सळसळ ऐकू येते, ती दबक्या पावलांनी तिकडे सरकते. पश्चिमेच्या टोकाने शिरलेल्या तुकडीलाही तशीच सळसळ ऐकू येते आणि तीही दबक्या पावलांनी सरकते. दोन्हीकडून चुचकारण्याचे आवाज काढले जातात, दोन्हीकडून ‘आली, आली’ असे कुजबुजले जाते, आणि अखेर कासऱ्याचा फास अत्यंत कौशल्याने टाकला जाऊन त्यात पुण्याहून सुट्टीसाठी आलेला मुलगा सापडतो.

याच उसात बिबट्याही असू शकतो, ही कल्पना शोधाला वेगळे परिमाण देते. जुन्नर परिसरात बिबट्यांनी उसालाच घर मानल्याला आता बराच काळ लोटला आहे, तिथल्या माद्या उसातच पिल्ले घालतात, आणि अन्य तालुक्यांतही रात्री दारे धरणाऱ्याच्या मनात ही गोष्ट असतेच. रात्री प्राण्याचे डोळे बॅटरीच्या उजेडात चमकतात, याचे कारण डोळ्याच्या पडद्यामागे टॅपेटम ल्युसिडम नावाचा परावर्तक थर असतो, जो आत आलेला प्रकाश परत बाहेर फेकतो. हा थर म्हशीला असतो आणि बिबट्यालाही असतो. दोन डोळ्यांमधले अंतर पाहून म्हैस कोणती आणि बिबट्या कोणता हे ओळखता येते. प्रत्यक्षात ते अंतर नोंदवण्याइतका वेळ निरीक्षक त्या ठिकाणी थांबल्याचे उदाहरण नाही. तो बांधावर येऊन सांगतो की बिबट्या बैलाएवढा होता. थोड्या वेळाने वस्तीवरील ते बिनमालकीचे कुत्रे उसातून शेपूट हलवत बाहेर येते.

पुण्याहून आलेल्या मुलाने एव्हाना म्हशीचे छायाचित्र गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेले असते. छायाचित्र बेंदराचे, म्हणून म्हशीच्या शिंगांना रंग आणि कपाळाला गोंडा. खालचा मजकूर वाचण्याची गटात पद्धत नाही. पहिल्या काही मिनिटांत चौघांचे ‘हार्दिक अभिनंदन’ येते, मग कोणीतरी दोन हात जोडतो, ते पाहून पुढचा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहितो, त्यानंतर श्रद्धांजलीची रांग लागते, आणि परगावच्या एका आत्याबाईंचा फोन येतो की एवढी चांगली म्हैस कशाने गेली. मालक सांगतो, ‘गेली न्हाई, आत्या, सुटलीया.’ आत्याबाई म्हणतात, ‘सुटली बिचारी,’ आणि रडू लागतात.

मोटारसायकलवरून शोध घेण्याचा प्रघातही अलीकडे वाढला आहे. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूर परिसरात म्हशी सजवून त्यांना मालकाच्या मोटारसायकलमागे पळवण्याची हौस प्रसिद्ध आहे. तेथील म्हशी आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज ओळखतात आणि गर्दीतूनही तिच्यामागे धावतात. इतर तालुक्यांत मालकाची मोटारसायकल म्हशीमागे धावते आणि म्हैस तो आवाज ओळखून दुसरीकडे वळते. गाडीवर मागे बसलेल्याच्या हातात वैरणीची पेंढी धरलेली असते, ती म्हशीला दिसावी म्हणून तो ती उंच धरतो, आणि त्यामुळे चालवणाऱ्याला पुढचा रस्ता दिसत नाही. चरांची खोली वस्तीवरील लोकांना अशा रात्री नव्याने समजते.

मानवी उपाय थकल्यावर म्हातारी सूत्रे हाती घेते. कोकणात अशा वेळी ग्रामदेवतेला कौल लावतात, म्हणजे मूर्तीला फुले किंवा पाकळ्या चिकटवून त्यांपैकी कोणत्या बाजूची आधी पडते त्यावरून होकार-नकार ठरवतात. देशावर बांधावरच्या शेंदूर फासलेल्या म्हसोबाला नारळ बोलला की भागते. नारळ किती आणि केव्हा, याबाबत मात्र घासाघीस होते. म्हातारी पाच नारळ बोलते, मालक पुटपुटतो की आधी एक बोल, नारळाचा भाव काय झालाय ते बघ, आणि म्हातारी त्याला सुनावते की देवापुढं व्यापार करू नये. या वेळी अंगणात शेजारच्या भावकीतला सात-आठ वर्षांचा एक मुलगा येऊन उभा असतो. तो काही सांगू पाहतो. ‘आमच्या आईनं सांगितलंय...’ एवढे त्याने म्हणताच त्याला सांगितले जाते की मोठी माणसे बोलताना मधे बोलू नये. तो थोडा वेळ थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा गप्प केला जातो, आणि प्रसादाचे खोबरे मिळण्याची चिन्हे दिसत नाहीत असे पाहून निघून जातो.

पथकातला एखादा सुशिक्षित याच सुमारास कायद्याचा मुद्दा काढतो. गुरांच्या अतिक्रमणाविषयीचा कायदा १८७१ चा आहे. त्यानुसार पिकात शिरून नुकसान करणारे जनावर पकडून शेतकऱ्याला ते चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात, म्हणजे मोकाट जनावरे अडकवून ठेवण्याच्या सरकारी आवारात पाठवता येते. सात दिवसांत कोणी मालक पुढे आला नाही तर गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची, आणि त्यानंतर सात दिवसांनी लिलाव करायचा. कायद्याने केलेल्या गुरांच्या व्याख्येत म्हशी, घोडे, गाढवे, डुकरे, शेळ्या-मेंढ्यांबरोबर उंट आणि हत्तीही येतात, हे ऐकल्यावर पथकातील चर्चा हत्ती उसात शिरल्यास तो कोंडवाड्यापर्यंत कोण नेणार, या प्रश्नाकडे वळते आणि तेथे रमते. गावचा कोंडवाडा प्रत्यक्षात कोणत्या अवस्थेत आहे हे पाहण्यासाठी दोघांना पाठवले जाते. ते परत येऊन सांगतात की आत ग्रामपंचायतीची मोडकी घंटागाडी आहे, दाराला कुलूप आहे, आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेला.

म्हैस सकाळी सापडते. ती भावकीच्या गोठ्यात, स्वच्छ जागी, दोन दाव्यांनी आणि निरगाठीने बांधलेली असते आणि रवंथ करत असते. तिचा मार्ग ठशांनी दाखवला होता तोच: दुपारी चारच्या सुमारास भावकीच्या गोठ्यातले कडबाकुट्टीचे यंत्र सुरू झाले, यंत्राच्या आवाजामागून वैरण येते हे म्हशीला पाठ असल्याने ती कोरलेल्या बांधावरून सरळ तेथे गेली आणि गव्हाणीत तोंड घालून उभी राहिली. पुरुषांमधला अबोला बायकांना लागू नसतो, कारण त्यांचा बचतगट एक असतो आणि पिठाची गिरणीही एकच. भावकीतल्या वहिनींनी तत्काळ मुलाकडून निरोप धाडला होता. निरोप पोहोचला, तो कोणी घेतला नाही. मालकिणीला ही गोष्ट रात्री आठलाच समजली होती असे पुढे उघड होते. तिने ती का सांगितली नाही, असे विचारल्यावर ती म्हणते, ‘मला कुणी विचारलं? मला तर गाठसुद्धा मारता येत न्हाई.’

येथे प्रकरण संपायला हवे, परंतु दुधाचा प्रश्न उरतो. दुभत्या म्हशीची कास धारेच्या वेळी भरून येते आणि धार न काढल्यास ती अस्वस्थ होऊन ओरडते, म्हणून वहिनींनी संध्याकाळी तिची धार काढली आणि दूध आपल्या दुधाबरोबर न मिसळता वेगळ्या किटलीत घालून संस्थेच्या संकलन केंद्रावर पाठवले. घरी ही म्हैस रेडकू पुढे असल्याशिवाय पान्हा सोडत नाही, परक्या हाताला तर मुळीच नाही, अशी मालकाची अनेक वर्षांची घोषणा होती. भावकीत तिने मूठभर सरकीच्या आंबोणावर, म्हणजे धारेच्या वेळी पुढ्यात ठेवतात त्या खुराकावर, पान्हा सोडला. हा अपमान गिळता आला असता. केंद्रावरची छापील पावती मात्र गिळता येण्यासारखी नव्हती.

म्हशीच्या दुधाला सहा फॅट, म्हणजे स्निग्धांश, आणि नऊ एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश वगळता उरलेले घन पदार्थ, असे प्रमाण धरून दर ठरतो आणि दर दहा दिवसांनी बिल निघते. मालकाच्या दुधाला आजवर सहाच्या आसपासच फॅट लागत आली होती. त्याच म्हशीच्या त्याच दुधाला भावकीच्या नावावर सात पूर्णांक आठ फॅट लागली. ही वार्ता सकाळी नऊपर्यंत साऱ्या वस्त्यांवर पसरली, म्हैस सापडल्याची बातमी तिच्या बरीच मागून गेली. मालकिणीने यावर शास्त्रशुद्ध खुलासा केला. धारेच्या आरंभीचे दूध पातळ असते आणि शेवटच्या धारांत स्निग्धांश सर्वाधिक उतरतो. घरी शेवटच्या धारा रेडकाला सोडतात, म्हणून किटलीत फॅट कमी येते, तर भावकीत रेडकू नसल्याने कास पूर्ण पिळली गेली. खुलासा अक्षरशः खरा होता. लोकांनी तो शांतपणे ऐकून घेतला, माना डोलावल्या आणि मालकाच्या घराशेजारच्या पाण्याच्या नळाकडे पाहिले.

दुधाचे पैसे कोणाचे, हा वाद त्यानंतर काही दिवस चालला. मालकाने ते मागितले तर कोणत्या फॅटने मागायचे, असा पेच होता: सात पूर्णांक आठने मागितले तर पावती मान्य केल्यासारखे होते, आणि सहाने मागितले तर उरलेली फॅट कोठे जाते हे सांगावे लागते. म्हसोबाचे नारळही तसेच राहिले होते, कारण म्हातारीच्या मते म्हैस देवाने दिली आणि मालकाच्या मते ती भावकीने दडवली होती, आणि दडवलेली वस्तू परत मिळाल्याबद्दल देवाला नारळ देण्याचे कारण नव्हते. अखेर दहाव्या दिवशी, बिल निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मालक बांधावर आला, त्याने कडुनिंबाकडे पाहिले आणि मोठ्या मनाने सांगितले, ‘शेर-दोन शेर दुधाचं काय एवढं, भावकीच हाय की!’

पलीकडून बैलाला सांगण्यात आले, ‘सर्जा, ती फॅटची पावती तेवढी जपून ठेवायची बरं का.’